मेंदूच्या ऑपरेशनच्या मधेच एमआरआय: दादाच्या वेळचा अनुभव, खर्च आणि आधी काय विचारावं

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर म्हणतायत इंट्रा-ऑपरेटिव्ह एमआरआय (म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच मधे एमआरआय काढायची सोय) असलेल्या ओटीमध्ये करूया, आणि एस्टिमेट बघून घरात चर्चा सुरू झालीये की हे खरंच लागतं का नुसतं बिल फुगवायला आहे, अशा लोकांसाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. गाठ ग्लायोमा म्हणजे मेंदूच्याच पेशींपासून वाढलेली असेल, त्यातही लो ग्रेड म्हणजे हळू वाढणारी, आणि हातपाय हलवायच्या किंवा बोलण्याच्या भागाला लागून असेल, तर झेपत असेल तर ही सोय जरूर घ्या. मेंदूच्या बाहेरच्या आवरणातून वाढलेली वरवरची मेनिन्जिओमा असेल तर बहुतेक वेळा लागत नाही कारण तिच्या कडा सर्जनला डोळ्यांनीच बऱ्यापैकी कळतात. बाकीच्या केसेसमध्ये आधी सर्जन कोण ते बघा, मशीन नंतर.

हॉस्पिटलचं नाव देत नाहीये. खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि मला त्या हॉस्पिटलबद्दल नाही, या सोयीबद्दल लिहायचंय.

दादा गणित शिकवतो. वर्गात शिकवतानाच त्याला फिट आली, आयुष्यात पहिल्यांदा. एमआरआय केला तर उजव्या बाजूला कपाळाच्या मागच्या भागात गाठ निघाली, रिपोर्टमध्ये लो ग्रेड ग्लायोमाची शक्यता लिहिलेली. गाठ स्कॅनमध्ये उठून दिसावी म्हणून देतात ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊनही ती उजळली नाही, फ्लेअर म्हणून एक प्रकारचे फोटो असतात त्यात मात्र पांढरी दिसत होती. गाठीची मागची कड डावा हात आणि डावा पाय चालवणाऱ्या पट्ट्याच्या अगदी जवळ. वहिनीने तेव्हाच विचारलं होतं की डॉक्टर, गाठ दिसतेय ना, मग काढायला एवढं अवघड काय आहे?

अवघड हेच आहे की फोटोत दिसते पण कवटी उघडल्यावर दिसत नाही. लो ग्रेड ग्लायोमा म्हणजे वेगळा गोळा नसतो, मेंदूच्याच पेशींमध्ये मिसळून वाढलेली असते, रंग जवळपास तोच, फार तर किंचित फिकट किंवा हाताला थोडी घट्ट लागते. सर्जन मायक्रोस्कोपमधून बघतात तरी शेवटच्या कडेला गाठ कुठे संपली आणि चांगला मेंदू कुठे सुरू झाला हे ठरवणं मोठ्या अनुभवी माणसालाही जड जातं. थोडं जास्त काढलं तर हात जातो, थोडं कमी काढलं तर राहिलेलं परत वाढतं. आणि राहिलंय हे साधारण कळतं कधी, तर ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत जो एमआरआय करतात त्यात, म्हणजे कवटी बंद झालेली, टाके पडलेले, माणूस आयसीयूत. मग परत उघडायचं का, हा प्रश्न.

मला वाटलेलं की नेव्हिगेशन असतं ना, कॉम्प्युटरवर आधीच्या स्कॅनचा नकाशा आणि सर्जनच्या हातातलं टोक नेमकं कुठे आहे ते दाखवणारा. आमच्या डॉक्टरांनी त्याचीच गोची समजावून सांगितली. तो नकाशा कवटी उघडायच्या आधीचा असतो. मेंदू कवटीत पाण्यावर तरंगल्यासारखा असतो, ड्युरा म्हणजे वरचं आवरण कापलं की ते पाणी वाहून जातं आणि ओहोटीला खाडीतली होडी हळूहळू गाळावर बसते तसा मेंदू खाली बसतो. त्यात गाठीचा काही भाग काढला की तिथे पोकळी होते, आजूबाजूचा भाग आत सरकतो. याला ब्रेन शिफ्ट म्हणतात आणि हे सरकणं कधीकधी एक सेंटिमीटरच्या पुढे जातं. मोठी गाठ असेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या अर्ध्यात, नेमकं जेव्हा कडेचं नाजूक काम चालू असतं तेव्हाच नकाशा चुकीचा झालेला असतो. मधेच नवीन एमआरआय काढला की राहिलेली गाठ तर दिसतेच, शिवाय नेव्हिगेशनला त्या क्षणाचा ताजा नकाशा मिळतो. मला विचाराल तर पैसे यासाठी द्यायचे.

आता तिथे प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण हे आम्हाला कुणी धड सांगितलं नव्हतं. बरंचसं नंतर डॉक्टरांकडून आणि तिथल्या एका टेक्निशियन ताईंकडून कळलं, त्यांनी फार आपुलकीने समजावलं.

वेगवेगळ्या हॉस्पिटलात वेगवेगळी रचना असते. काही ठिकाणी पेशंट जागचा हलत नाही, मशीनच छताला लावलेल्या रुळांवरून सरकत टेबलापाशी येतं. आमच्याकडे मशीन शेजारच्या खोलीत होतं, मधे जाड सरकतं दार, आणि पेशंटला टेबलासकट आत नेतात. एमआरआयचा चुंबक कधीच बंद नसतो, स्कॅन चालू नसला तरी तो ओढतच असतो, त्यामुळे ओटीतल्या जमिनीवर रेषा आखलेली असते आणि तिच्यापलीकडे साधं स्टीलचं काहीही न्यायचं नाही. डोकं घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प, भूल द्यायचं मशीन, मॉनिटर सगळं एमआरआयला चालेल असं खास बनवलेलं. स्कॅनच्या आधी सगळी हत्यारं, सुया, कापसाच्या पॅटी मोजून घेतात, फळ्यावर लिहितात, एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा टिक करतो, आकडा जुळल्याशिवाय दार उघडत नाही. एक सुई जरी राहिली तरी केवढा अनर्थ होईल याचा विचार करा. पेशंट भुलेत असतो तरी त्याच्या कानात बोळे घालतात, कारण मशीनचा आवाज तेवढाच मोठा असतो आणि कानाचं नुकसान झोपेतही होतंच.

उघडी जखम निर्जंतुक कपड्याने आणि प्लॅस्टिकने झाकून घेतात. आणि झाकायच्या आधी जिथून गाठ काढली त्या पोकळीत सलाइन भरतात! हे ऐकून मला खूप नवल वाटलं. पोकळीत हवा राहिली तर हवा आणि मेंदू जिथे टेकतात तिथे फोटो खराब येतो, आणि राहिलेली गाठ शोधायची असते ती नेमकी त्याच कडेला. म्हणून सर्जन हळूहळू पाणी भरतात, बुडबुडे काढतात, मग झाकतात. लाखो-करोडोंच्या मशीनला चांगला फोटो मिळावा म्हणून चमचाभर पाणी लागतं.

हे सगळं झाकणं, नेणं, स्कॅन, परत आणणं, परत निर्जंतुक करून कामाला लागणं यात एका फेरीला तास-दीड तास सहज जातो. भूल तेवढी लांबते, आणि जास्त वेळची भूल म्हणजे भूलतज्ज्ञांवर जास्त भार. त्यामुळे हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असलेल्या माणसासाठी हा हिशोब वेगळा लागतो, तो भूलतज्ज्ञांशी बसूनच करा. पेसमेकर असेल, अंगात कुठे जुना रॉड किंवा क्लिप असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कार्ड असेल तर घेऊन जा. आम्हाला फॉर्मवर दातांपासून विचारलं होतं.

दादाच्या वेळी काय झालं ते सांगते, कारण माझं मत त्याच्यावरूनच बनलंय. सर्जनच्या अंदाजाने काम जवळपास झालं होतं. मधला स्कॅन काढला तर पोकळीच्या मागच्या आणि खालच्या बाजूला गाठीची एक पट्टी तशीच राहिलेली. नंतर डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बसवून दोन फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले, मधला आणि शेवटचा. मधल्यात काळ्या खड्ड्याच्या कडेला नखाएवढी पांढरी कोर होती आणि ती मला सुद्धा दिसली, मला, जिला स्कॅनमधलं ओ का ठो कळत नाही. डॉक्टरांनी ताज्या नकाशावर ती जागा धरून परत काम केलं, खालचा भाग पूर्ण काढला, आणि मागचा एक पातळ थर मुद्दाम ठेवला. कारण तिथे करंट देऊन तपासलं तर डावा हात हलत होता. म्हणजे मशीनने दाखवलं म्हणून सगळं ओरबाडून काढलं असं नाही, कुठे थांबायचं ते माणसानेच ठरवलं. माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला तो इथे.

ऑपरेशननंतर दादाचा डावा हात हललाच नाही. पायसुद्धा जड. वहिनीचा चेहरा बघवत नव्हता. पण डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, गाठ ज्या भागात होती तिथे काम केलं की दुसऱ्या बाजूचा हात-पाय काही काळ सुरूच होत नाही, ताकद असते पण हलवायचा हुकूम निघत नाही, आणि बहुतेकांचं हे काही आठवड्यांत परत येतं. तसंच झालं. आधी बोटं, मग मनगट, मग फिजिओथेरपीवाल्या मुलीने रोज मागे लागून लागून खांदा. आता फळ्यावर लिहितो, तो उजव्या हाताने लिहितो हे खरं, पण वर्तुळ काढताना पट्टी डाव्या हाताने धरतो आणि त्यालाच त्याचं फार कौतुक आहे. मधला स्कॅन नसता तर काय झालं असतं ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण ती पांढरी कोर आत राहिली असती एवढं तर समोर दिसलं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. सगळ्यात वाईट म्हणजे बाहेर बसलेल्यांना काहीच कळत नाही. सकाळी आत नेलेला माणूस, दुपार झाली, संध्याकाळ व्हायला आली, मधे स्कॅन असतो आणि त्यात वेळ जातो हे आधी सांगितलं असतं तर आम्ही एवढे घाबरलो नसतो. रिसेप्शनवर विचारलं की एकच उत्तर, "ऑपरेशन चालू आहे." एवढे पैसे घेता तर एक माणूस ठेवा की बाहेर येऊन दोन वाक्यं सांगायला. दुसरं, अशी ओटी एकच असते त्यामुळे तारीख पुढे ढकलली गेली, कारण त्या दिवशी मशीनची काहीतरी देखभाल निघाली. घरातून मन घट्ट करून निघालेल्या पेशंटला परत पाठवणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला कळतं.

तिसरं बिल. साधं ऑपरेशन आणि हे, यातला फरक आमच्या एस्टिमेटमध्ये लाखाच्या वर होता. मेडिक्लेमच्या टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) तो चार्ज आधी सरळ नाकारला, म्हणाले ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच धरा. मग सर्जनकडून "ही सोय या पेशंटला का गरजेची होती" असं लेटरहेडवर लिहून घेतलं, गाठीची जागा, प्रकार, सगळं, तेव्हा काही भाग मंजूर झाला. हे पत्र ऑपरेशनच्या आधीच प्री-ऑथरायझेशनला, म्हणजे विम्याच्या आगाऊ मंजुरीच्या अर्जाला जोडा, नंतर धावपळ करायला अंगात त्राण नसतं.

घरात एक काका म्हणत होते की हे नवीन प्रयोग आपल्यावर कशाला. तर हे आजचं नाहीये. अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९९०च्या दशकात रेडिओलॉजिस्ट फेरेंक योलेस आणि न्यूरोसर्जन पीटर ब्लॅक यांच्या टीमने जीई कंपनीबरोबर हे सुरू केलं. तेव्हाचं मशीन म्हणजे उभी दोन कडी आणि मधल्या फटीत सर्जन उभे राहून ऑपरेशन करायचे, चुंबकाच्या आतच, ताकद ०.५ टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप). त्याच दशकात जर्मनीत एर्लांगेनला ०.२ टेस्लाचं मशीन वापरात होतं, आणि कॅनडात कॅलगरीला गार्नेट सदरलँड यांनी छतावरून सरकणारं १.५ टेस्लाचं मशीन आणलं. आता १.५ आणि ३ टेस्ला सर्रास असतात. भारतात दिल्लीच्या एम्ससारख्या सरकारी हॉस्पिटलमध्येसुद्धा ही सोय आहे, म्हणजे फक्त पंचतारांकित ठिकाणचीच चैन आहे असं नाही.

पुरावा काय? जर्मनीत फ्रँकफर्टला याची रीतसर चाचणी झाली, २०११ला लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमध्ये छापून आली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटात मधे एमआरआय, दुसऱ्यात नेहमीची पद्धत. कॉन्ट्रास्टने उजळणारी गाठ पूर्ण निघालेले पेशंट पहिल्या गटात ९६ टक्के, दुसऱ्यात ६८ टक्के. आणि मशीन होतं फक्त ०.१५ टेस्लाचं! फरक मोठा वाटतो, आहेच, पण शेवटी मोजलेले पेशंट ४९च होते हे पण लक्षात घ्या. कोक्रेन म्हणून संस्था आहे जी असे सगळे अभ्यास एकत्र तपासते, त्यांचा २०१८चा आढावा म्हणतो की गाठ जास्त निघायला मदत होत असावी पण पुरावा कमकुवत आहे, आणि माणूस किती जगतो यावर काय फरक पडतो ते स्पष्ट नाही. म्हणून "या मशीनने आयुष्य वाढतंच" असं काउंटरवर कुणी सांगत असेल तर ते खरं धरू नका. आम्हाला आमच्या सर्जननी हेच शब्द न फिरवता सांगितलं होतं आणि म्हणूनच आम्ही त्यांच्याकडे थांबलो.

पर्याय पण आहेत, आणि ते कमी प्रतीचे वगैरे अजिबात नाहीत. हाय ग्रेड म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या गाठीसाठी ५-एएलए नावाचं औषध ऑपरेशनच्या काही तास आधी प्यायला देतात, निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकते. जर्मनीतच २००६च्या चाचणीत त्याने पूर्ण गाठ निघायचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं होतं. औषध घेतल्यावर एक-दोन दिवस कडक उजेडापासून लांब राहावं लागतं. पण लो ग्रेड गाठ त्यात बहुतेक वेळा चमकतच नाही, म्हणून दादाला त्याचा उपयोग नव्हता. दुसरा म्हणजे अल्ट्रासाऊंड, सरळ मेंदूवर प्रोब टेकवून, हवं तितक्या वेळा, दोन मिनिटांत. टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी त्यांच्या खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात नेव्हिगेशनला जोडलेल्या थ्रीडी अल्ट्रासाऊंडवर खूप काम केलंय. खर्च एमआरआयच्या मानाने किरकोळ, आणि तो वाचायची सवय असलेला सर्जन असेल तर काम चोख होतं. बोलण्याच्या भागातली गाठ असेल तर पेशंटला जागं ठेवून बोलायला लावत ऑपरेशन करतात, त्याची जागा एमआरआय घेऊ शकत नाही, कारण फोटोत गाठ दिसते, त्या भागाचं काम नाही दिसत. पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या मोठ्या गाठींना, ज्या नाकातून काढतात, तिथे मात्र एमआरआयचा चांगला उपयोग होतो असं डॉक्टर म्हणाले, कारण वरच्या कोपऱ्यात राहिलेला तुकडा नाकातून नेहमीच दिसतो असं नाही.

सर्जनना भेटायला जाल तेव्हा लाजू नका, सरळ विचारा की माझ्या पेशंटच्या गाठीत मधल्या स्कॅनने तुमचा कोणता निर्णय बदलू शकतो. याचं उत्तर नीट आलं, जागा दाखवून आलं, तर पैसे योग्य ठिकाणी जातायत. "आमच्याकडे लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे" एवढंच आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. हे पण विचारा की मधला स्कॅन वाचायला न्यूरो-रेडिओलॉजिस्ट त्या वेळी हजर असतात का. कारण ताज्या जखमेच्या कडेला थोडं रक्त, थोडी सूज असते, कॉन्ट्रास्ट तिथूनही झिरपतो आणि गाठीसारखा उजळतो, तो फरक ओळखणारा माणूस स्क्रीनसमोर लागतो. आमच्याकडे होत्या, ऑपरेशन संपेपर्यंत थांबल्या. आणि स्कॅन काढलाच नाही, गरज पडली नाही, तर चार्ज लागणार का हे बिलिंगवाल्यांकडून लिहून घ्या.

डिस्चार्जच्या वेळी फाइलमध्ये फक्त रिपोर्टचा कागद देतात, तेवढ्यावर निघू नका. मधल्या स्कॅनची आणि शेवटच्या स्कॅनची, दोन्हीची सीडी मागून घ्या, द्यायला वेळ लावतात पण देतात. दादाचा आता ठरावीक महिन्यांनी एमआरआय असतो आणि प्रत्येक वेळी रेडिओलॉजिस्ट पहिले तेच मागतात, मुद्दाम ठेवलेला तो पातळ थर जसाच्या तसा आहे का जाड झालाय ते जुन्या फोटोला लावूनच बघावं लागतं.